हाती पडणारे वेतन आणि हाती न पडणारे

सौंसरपासून जवळच असलेले जामसांवली हे गाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे ते तेथील मारुतीमुळे. येथील मूर्ती उभी नसून पहुडलेली आहे. मंगळवारी आणि शनिवारी नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतची माणसे तिच्या दर्शनास येतात. देवस्थानाबाहेर नारळ-प्रसादाची दुकाने, पलीकडे संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते, आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखाने, असा या परिसराच्या पोटापाण्याचा पसारा आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि ऑक्टोबर 2023 पासून तो पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात मोडतो. जिल्हा बदलला, तरी येथल्या घराघरांत दरवर्षी उभा राहणारा प्रश्न बदललेला नाही. मुलाचे शिकणे संपले. आता त्याने कोणते काम धरावे?

समजा, अशाच एका घरात दोन भाऊ आहेत. थोरल्याने दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे काढून फिटरचे प्रमाणपत्र मिळवले. धाकट्याने आठवीतच शाळा सोडली. संत्र्याच्या तोड्यासाठी मजूर गोळा करणारा ठेकेदार दारात येतो आणि म्हणतो, पाचशे रुपये रोज, संध्याकाळी रोख, एक पैसाही कपात नाही. थोरल्याकडे याशिवाय एका कारखान्याचे बोलावणे आहे. तेथे पगार महिना 14,519 रुपये. हा आकडा मनचा नव्हे. मध्य प्रदेश शासनाने एप्रिल 2024 पासून कुशल कामगारासाठी ठरवलेला किमान वेतनाचा तो दर होता. अकुशलासाठी त्या वेळी 11,800 रुपये ठरले होते. या दरांवरून पुढे न्यायालयात बराच वाद झाला, तो येथे बाजूस ठेवू. ठेकेदाराचे पाचशे मात्र केवळ उदाहरणापुरते धरले आहेत.

थोरल्याने कारखान्यातील एखाद्या ओळखीच्या माणसास विचारले, तर तो सांगेल की हातात चौदा हजार पाचशे येत नाहीत. त्यातून भविष्यनिर्वाह निधीसाठी शेकडा 12, म्हणजे 1,742 रुपये कापले जातात. कर्मचारी राज्य विम्यासाठी शेकडा पाऊण, म्हणजे 109 रुपये जातात. हाती उरतात 12,668. इकडे ठेकेदाराकडे महिन्याचे सव्वीस दिवस भरले तर तेरा हजार रोख. तेव्हा दोन वर्षे कानस घासून मिळवलेल्या प्रमाणपत्राचे फळ उणे तीनशे बत्तीस रुपये, असा निष्कर्ष घरातील कोणीही काढील. पुष्कळ घरांत तो काढलाही जातो, आणि तो काढणारी माणसे मूर्ख नसतात. त्यांच्यासमोर जो आकडा आहे, त्याचीच ती वजाबाकी करतात.

परंतु या नोकरीचा आकडा एक नाही, तीन आहेत. पहिला हातात पडणारा, 12,668. दुसरा कागदावरचा, 14,519. तिसरा कामगारास सहसा कोणी सांगत नाही. तो मालकाच्या वहीत असतो. कामगाराच्या बारा टक्क्यांइतकीच, म्हणजे 1,742 रुपयांची भर मालकाला घालावी लागते. तीपैकी 1,209 रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात आणि 533 भविष्यनिर्वाह निधीत जातात. राज्य विम्यासाठी मालक शेकडा सव्वातीन, म्हणजे 472 रुपये भरतो. ग्रॅच्युइटी दर पूर्ण वर्षास पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी देय होते, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरून तिचा हिशोब केला तर तीपोटी महिना 698 रुपयांची तरतूद करावी लागते. बोनस आणि किरकोळ प्रशासकीय आकार सोडून दिले, तरी या एका कामगारावर मालकाचे 17,431 रुपये खर्च होतात.

म्हणजे जो माणूस 12,668 घरी नेतो, त्याच्या श्रमाची किंमत प्रत्यक्षात 17,431 आहे. मधले 4,763 रुपये गेले कोठे? ते नाहीसे झालेले नाहीत. काही म्हातारपणाकडे गेले, काही आजारपणाकडे, काही अपघात व मृत्यू यांच्याकडे. निधीत जाणारी दोघांची मिळून रक्कम महिना 2,275 रुपये होते. पगारात एक रुपयाही वाढ झाली नाही असे मानले, आणि 2024-25 या वर्षासाठी जाहीर झालेला सव्वाआठ टक्के व्याजदर कायम धरला, तर वीस वर्षांत सुमारे तेरा लाख रुपये साठतात. त्यात कामगाराच्या पदरचे सव्वाचार लाखही नसतात. राज्य विम्याच्या 109 रुपयांत कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय होते आणि आजारपणात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या शेकडा 70 इतकी रक्कम मिळू शकते. ठेकेदाराच्या तेरा हजारांत यातले काहीच नाही. तेथे ताप आला की रोज बुडतो आणि वर डॉक्टरचे बिल चढते.

मालक हे सारे का देतो? कायदा आहे म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. कारण कायद्याच्या फार आधी हे देणारा एक मालक याच भागात होऊन गेला. 1 जानेवारी 1877 रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, कोळसा फार दूर नाही, कापडाला गिऱ्हाईक भोवतीच. पण माणसे टिकेनात. हातमागावर स्वतःच्या मर्जीने बसणारी, शेतीच्या हंगामाला घरी जाणारी माणसे भोंग्याच्या हुकमतीखाली रोज यावयास तयार नव्हती. दुसऱ्या एखाद्याने दंड बसवला असता. टाटांनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दुसरा मार्ग धरला. गिरणीत हवा खेळती राहील व उकाडा कमी होईल अशी योजना झाली, चांगल्या कामाबद्दल बक्षिसे सुरू झाली, 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि 1895 पासून अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई मिळू लागली. अपघाताच्या भरपाईचा कायदा हिंदुस्थानात झाला तो 1923 मध्ये. भविष्यनिर्वाह निधीचा 1952 मध्ये. ग्रॅच्युइटीचा तर 1972 मध्ये.

यात टाटांची माणुसकी होती हे निर्विवाद. परंतु त्यात एक शुद्ध व्यवहारी हिशोबही होता, आणि तो आजही प्रत्येक कारखान्यात चालतो. रोख मजुरी आज दिली की उद्या माणूस मोकळा. निवृत्तिवेतन मात्र जो थांबेल त्यालाच मिळते. माग चालवावयास शिकलेला माणूस सहा महिन्यांत निघून गेला, तर शिकवण्याचा खर्च, बिघडलेले सूत, नव्या माणसाचा अडखळता हात, हे सारे गिरणीच्या माथी. तेव्हा थांबण्याला किंमत देणे गिरणीच्याही फायद्याचे होते. नोकरीतील सवलती आणि कामगाराचे शिक्षण यांचा पहिला सांधा येथे दिसतो. ज्या माणसात मालकाने काही शिक्षण ओतले आहे, त्याला धरून ठेवण्यासाठी सवलती असतात. ज्याला काहीच शिकवावयाचे नाही, ज्याच्या जागी उद्या कोणीही चालतो, त्याला धरून ठेवण्याचे कारण मालकाला दिसत नाही.

हा सांधा पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अधिक नेमकेपणाने उकलला. थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960 मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांपुढे केलेल्या अध्यक्षीय भाषणात शिक्षणाकडे उपभोग म्हणून न पाहता भांडवल म्हणून पाहावे असे प्रतिपादन केले. गॅरी बेकर यांनी 1964 च्या आपल्या ग्रंथात त्याची मांडणी पूर्ण केली. बेकर यांनी प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. एक कोठेही उपयोगी पडणारे आणि दुसरे त्याच कारखान्यापुरते. जे कोठेही उपयोगी पडते त्याचा खर्च मालक सहसा करणार नाही. कारण शिकवावे आपण आणि माणूस न्यावा दुसऱ्याने, हे कोणाला परवडेल? बोरगावात यंत्रावर हात बसलेला तरुण नागपूरजवळच्या बुटीबोरीत दोन हजार जास्त मिळतात म्हणून निघून गेला, तर पहिल्या कारखान्याचे शिकवणे वाया गेले. म्हणून असे शिक्षण कामगाराने स्वतःच्या खर्चाने घ्यावे, किंवा शिकत असताना कमी पगार स्वीकारून घ्यावे, अशी व्यवस्था आपोआप होते. शिकाऊ उमेदवारास पगार नव्हे तर विद्यावेतन मिळते, त्याच्यामागचे अर्थशास्त्र हेच. आपल्याकडे 1961 च्या कायद्याने या उमेदवारीला शिस्त लावली.

आता थोरल्याची दोन वर्षे पुन्हा मोजून पाहू. त्याने शाळेची फी भरली ती सोडून देऊ. ती लहान रक्कम आहे. मोठी रक्कम म्हणजे त्या दोन वर्षांत न मिळवलेली मजुरी. येथे ठेकेदाराच्या तेरा हजारांतील एक गफलत उघड होते. संत्र्याला आंबिया बहर आणि मृग बहर असे दोन बहर. पहिल्याचा तोडा साधारण दिवाळीच्या मागेपुढे, दुसऱ्याचा फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. त्यांच्यामध्ये कपाशीची वेचणी, थोडी निंदणी, देवस्थानाच्या गर्दीच्या दिवशी एखादे काम. वर्षाचे दोनशे दिवस काम मिळाले असे धरणे हे उदारपणाचे ठरेल. दोनशे दिवसांचे पाचशेप्रमाणे एक लाख रुपये होतात. महिन्याचे तेरा हजार हा बाराही महिन्यांचा आकडा नव्हे. तो हंगामातल्या एका महिन्याचा आकडा आहे.

तेव्हा दोन वर्षांच्या शिक्षणाची खरी किंमत दोन लाख. कारखान्यात वर्षाकाठी हाती येणार 1,52,016 रुपये; म्हणजे मजुरीपेक्षा 52,016 अधिक. या हिशोबाने शिक्षणाचा खर्च वसूल व्हावयास जवळजवळ चार वर्षे लागतात. परंतु हाती न पडणारे वेतनही धरले, तर वर्षाची रक्कम होते 2,09,172, फरक 1,09,172, आणि खर्च दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच वसूल. तेच शिक्षण, तोच मुलगा, तोच कारखाना. केवळ कोणता आकडा पाहिला यावरून शिक्षणाची योग्यता दुप्पट किंवा निम्मी दिसते. ज्या घरात फक्त रोख मोजली जाते त्या घरात शिक्षण महाग वाटते, ते यामुळे. ही चूक केवळ खेड्यातील घरेच करतात असे नाही. पंडितांच्या पाहण्यांतही शिक्षणाचा लाभ बहुधा पगाराच्या आकड्यावरूनच मोजला जातो. अमेरिकेत ब्रूक्स पिअर्स यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पगारासोबत सवलतीही मोजल्या, तेव्हा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत वरच्या व खालच्या कामगारांमधील दरी नुसत्या पगारावरून दिसते त्याहून अधिक रुंदावली असल्याचे आढळले.

येथे एका जुन्या सिद्धान्ताची आठवण होते. ॲडम स्मिथ यांनी 1776 मध्ये मजुरीतील फरकांची पाच कारणे सांगितली: कामाचा सुखदपणा, ते शिकण्याचा खर्च, कामाचे सातत्य, त्यातील विश्वासाची जबाबदारी आणि यशाची शक्यता. त्यांचे म्हणणे असे की, काम घाणेरडे वा धोक्याचे असेल, किंवा वर्षातून काही महिनेच मिळत असेल, तर त्याची रोजची मजुरी अधिक असली पाहिजे. नाहीतर ते करील कोण? ठेकेदाराचा पाचशेचा रोज याच नियमाने चढा दिसतो. त्यात आजारपणाची, रिकाम्या महिन्यांची आणि म्हातारपणाची भरपाई गुंतलेली असावी, असे तर्कशास्त्र म्हणते.

मग व्यवहारात उलटे का दिसते? ज्याचा पगार मोठा, त्यालाच रजा, विमा, निवृत्तिवेतन आणि बसावयास खुर्चीही. ज्याची मजुरी लहान, त्याचे कामही धोक्याचे, आणि सवलतींच्या नावाने शून्य. सिद्धान्त खोटा ठरला काय? खोटा नव्हे, पण त्याची हद्द फार लोक विसरतात. सारखे शिकलेल्या दोन माणसांत रोख आणि सवलती यांची अदलाबदल होते. एकाने थोडी रोख सोडून सुरक्षितता घ्यावी, दुसऱ्याने सुरक्षितता सोडून रोख घ्यावी. थोरल्यापुढे हा पर्याय खरोखरच आहे. परंतु असमान शिकलेल्या दोन माणसांत अदलाबदल नसते. तेथे बेरीज असते. शिक्षणाने एकूण मोबदलाच वाढतो, आणि तो वाढला की माणूस त्यातला अधिकाधिक भाग सवलतींच्या रूपाने घेऊ शकतो. धाकट्याला कोणी विचारतच नाही की तुला तेरा हजार रोख हवेत की साडेबारा हजार आणि निधी. त्याच्यापुढे एकच ताट वाढलेले असते. थोरला पाचशे घेतो तेव्हा ती निवड असते. धाकटा घेतो तेव्हा ती निवड नसते, जरी दोघांच्या हातातील नोटा सारख्या असल्या तरी.

आणखी एक गोष्ट आहे. सवलत ही उद्याची वस्तू आहे, आणि उद्याची वस्तू विकत घेण्यास आज पोट भरलेले असावे लागते. ज्याच्यावर किराणा दुकानाची उधारी आहे त्याला महिना 1,742 रुपये वीस वर्षांसाठी बाजूस टाकणे हा उपदेश कितीही सुंदर असला तरी जड जाते. लॉरेन्स समर्स यांनी 1989 मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला. कायद्याने एखादी सवलत सक्तीची केली, तर कामगार तिला तिच्या खर्चाइतकी किंमत देतो की नाही यावर सारे अवलंबून असते. तो देत असेल तर रोख पगार थोडा कमी होऊनही कोणाचे नुकसान होत नाही. त्याला ती कवडीमोलाची वाटत असेल, तर तीच सवलत कराचे ओझे बनते, आणि मालक व कामगार दोघे मिळून ती चुकवू पाहतात. पाचशे रोख आणि कपात नाही, हा सौदा म्हणजे असे दोघांनी मिळून केलेले चुकवणेच होय. त्यात मालकाचे महिना 4,431 रुपये वाचतात. कामगारास जास्त मिळतात 332. सौदा दोघांच्या संमतीचा असला तरी त्यातील नफ्याची वाटणी कशी झाली ते या दोन आकड्यांवरून दिसते.

कामगार सवलतीला कमी किंमत का देतो, याचे कारण त्याच्या अडाणीपणात शोधण्याची सवय सुशिक्षितांना आहे. ती सोडावी. निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे. ज्याला कारखाना स्वतःच्या पटावर न घेता ठेकेदारामार्फत घेतो आणि ठेकेदार बदलला की ज्याची नोकरी नव्याने सुरू होते, त्याने पाच वर्षांच्या वचनावर किती विश्वास ठेवावा? त्याचे अविश्वासाचे गणित पुष्कळदा बरोबर असते. या दृष्टीने दोन सुधारणा महत्त्वाच्या आहेत. 2014 पासून भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदास एक कायमचा क्रमांक मिळू लागला. मालक बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगारास एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्याच संहितांनी असेही ठरवले की भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला तर वरचा भाग वेतनातच धरावा. म्हणजे मूळ पगार मुद्दाम लहान दाखवून निधीची भरती कमी करण्याची जी युक्ती होती तिला पायबंद बसावा.

जामसांवलीहून उत्तरेस, सातपुड्याच्या माथ्यावर, पेंच आणि कन्हान या कोळसा क्षेत्रांत दुसरे टोक पाहावयास मिळते. या खाणी 1973 मध्ये राष्ट्रीयीकरणात आल्या, आणि आज त्या नागपुरात मुख्य कचेरी असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. तेथील कायम कामगाराचे वेतन राष्ट्रीय पातळीवरील करारांनी ठरते. घर, दवाखाना, निवृत्तिवेतन हे तर आहेच. शिवाय कामगार सेवेत असताना मरण पावला तर त्याच्या आश्रितास नोकरी देण्याची तरतूदही या करारांत आहे. संकटात सापडलेल्या कुटुंबाला हा मोठाच आधार. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही सवलत विलक्षण आहे. कारण तिच्यात नोकरी हीच वारसाहक्काची मालमत्ता बनते. जेथे नोकरी वारशाने येऊ शकते तेथे शिक्षणाने ती मिळवण्याची ओढ कमी होण्याचा संभव असतो. खाणीच्या त्याच तोंडाशी ठेकेदाराचे मजूरही उभे असतात, आणि एकाच कोळशाच्या ढिगावर दोन प्रकारची माणसे काम करतात. दोघांच्या अंगावरची काजळी मात्र सारखीच असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा गुंता अधिक नाजूक होतो. प्रसूतीच्या रजेचा कायदा 1961 चा. 2017 मध्ये पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. हक्क रास्तच आहे. परंतु जेथे राज्य विमा लागू नाही तेथे या रजेचा संपूर्ण पगार त्या एका मालकाच्या अंगावर पडतो, आणि असा मालक तरुण विवाहित स्त्रीस नेमण्यापूर्वी मनातल्या मनात आकडेमोड करतो. जोनाथन ग्रुबर यांनी 1994 मध्ये अमेरिकेतील काही राज्यांचा अभ्यास करून दाखवले की, प्रसूतीचा खर्च विम्यात समाविष्ट करणे सक्तीचे झाले तेव्हा ज्यांना त्याचा लाभ होणार होता त्यांचीच रोख मजुरी सापेक्षतेने घटली. राज्य विम्याच्या योजनेत मात्र हा भार सर्व कारखान्यांच्या आणि सर्व कामगारांच्या, पुरुषांच्याही, वर्गणीतून उचलला जातो. एकाच कायद्याचा हक्क. पण पैसा एका खिशातून द्यावयाचा की सर्वांच्या, यावर एखाद्या मुलीस नोकरी मिळणे न मिळणे ठरू शकते. मुलीला बारावीपुढे शिकवावे की नाही, याचा विचार करणाऱ्या बापाला हे तपशील ठाऊक नसतात. शिकूनही नोकरी मिळत नाही, एवढे मात्र त्याच्या कानावर आलेले असते.

आणि शिकवणाऱ्याचे काय? 1997 मध्ये मध्य प्रदेश शासनाने शिक्षण हमी योजना काढली. जेथे शाळा नव्हती तेथे गावकऱ्यांनी मागणी करावी आणि गावातल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणास गुरुजी नेमून शाळा उघडावी, अशी ती कल्पना. वाड्यावस्त्यांवर शाळा झपाट्याने पोचल्या, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु गुरुजींना मिळे ते वेतन नव्हे, अल्प मानधन. निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. पुढे अतिथी शिक्षकांची पद्धत आली, तीही याच वळणाची. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, एकाच फळ्यावर शिकवणारे दोन शिक्षक. एकाला सातव्या वेतन आयोगाची श्रेणी, दुसऱ्याला पुढच्या सत्रात आपण असू की नाही याचीही खात्री नाही. शिक्षणाने सुरक्षित नोकरी मिळते, हे मुलांना पटवून देण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले आहे, त्याच्याकडेच ते शिक्षण आहे आणि ती नोकरी नाही. मुले हे पाहत असतात. पुस्तकातील धड्यापेक्षा हा धडा ती लवकर शिकतात.

शिक्षणाचा या साऱ्याशी जो शेवटचा संबंध आहे, तो पगारवाढीचा नाही. वाचता येण्याचा आहे. पगाराच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत दहाबारा रकाने असतात. या भागात घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी आणि चिठ्ठीवरचे शब्द इंग्रजी. आपल्या नावाचा क्रमांक कोणता, त्यात मालकाने आपला हिस्सा खरोखर भरला की केवळ कामगाराचाच कापून घेतला, नोकरी सुटल्यावर पैसे काढावे की पुढच्या खात्यात न्यावे, अपघाताने मृत्यू आल्यास निधीशी जोडलेल्या विम्याचे सात लाखांपर्यंतचे पैसे मिळण्यासाठी वारस म्हणून कोणाचे नाव लिहावे, हे त्या रकान्यांतून ज्याला उमगते त्याचे 4,763 रुपये खरे ठरतात. ज्याला उमगत नाही त्याच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या कृपेवर राहतात. इयत्ता आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. टक्केवारी तर त्याच्याही आधी येते. पण उदाहरणे बहुधा दुकानदाराच्या नफ्यातोट्याची असतात. 1,742 आणि 533 यांची बेरीज, तिच्यावर सव्वाआठ टक्के व्याज, मुदत वीस वर्षे, असे एखादे उदाहरण सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळेतील फळ्यावर घालावयास कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

थोरला बहुधा कारखान्याकडे जाईल. धाकट्याचा आंबिया बहर डिसेंबरात उरकेल, ठेकेदार हिशोब चुकता करील, आणि मृग बहराची फळे रंगावर येईपर्यंत, जानेवारीच्या थंडीत, तो मंगळवारी-शनिवारी देवस्थानाबाहेरच्या दुकानांतून नारळांची पोती उतरवील. त्याचे वय सोळा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळतो. त्याचे अर्ज उन्हाळ्यात, मृग बहराचा तोडा संपल्यानंतर, निघतात.